गॅलरीत ओढली तरी धूर घरातच येतो

प्रश्न : आम्ही धनकवडीत राहतो, घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना सिगारेटची खूप जुनी सवय आहे, वय ६२, दिवसाला सात-आठ होतातच. पण ते घरात कधीच ओढत नाहीत, हॉलच्या गॅलरीत जातात आणि सरकता दरवाजा लावून घेतात. मुलाला पावसाळ्यापासून सारखा खोकला, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला, आणि एक कान सारखा दुखतो, मध्ये वाहिला पण. डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी सिगारेट ओढतं का, तर मी गप्प बसले कारण सासरे शेजारीच बसले होते. गॅलरीतल्या धुरानं खरंच एवढं होतं का? आणि त्यांना सांगू कशी, ते मला मुलीसारखं वागवतात आणि नातू तर दिवसभर त्यांच्याच अंगाखांद्यावर असतो.

उत्तर : ताई, होतं. आणि सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन करून किंवा परत जाऊन खरं काय ते सांगा, कारण सारखी छाती भरणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही माहिती औषधाइतकीच महत्त्वाची असते. पावसाळी हवा, भिंतीची ओल, बालवाडीतून येणारी सर्दी हीसुद्धा कारणं असू शकतात, त्यामुळे सगळं सिगारेटमुळेच असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, खोकला, घरघर आणि कान, दुसऱ्याच्या धुरात वाढणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसतात.

सिगारेट ओढणारा झुरका घेतो तो काही सेकंद, बाकी सगळा वेळ ती हातात जळत असते आणि त्या जळत्या टोकाचा धूर फिल्टरमधून न जाता थेट हवेत जातो, तो जास्त विषारी असतो. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली ७० च्या आसपास कॅन्सरशी जोडलेली आहेत. सरकत्या दरवाजाच्या फटीतून, शेजारच्या बेडरूमच्या खिडकीतून हा धूर आत येतोच, वारा आतल्या बाजूला असला की विचारूच नका. शिवाय ओढून आत आल्यावरही काही मिनिटं श्वासातून कण बाहेर पडत राहतात आणि नेमका तेव्हाच नातू आजोबांच्या कुशीत शिरतो.

मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तीन वर्षांचं मूल २० ते ३० वेळा, आणि त्याच्या श्वासनळ्या मुळातच बारीक, थोडी सूज आली तरी शिट्टी वाजायला लागते. कानाचंही तेच. नाकामागून कानात जाणारी एक छोटी नळी असते, धुरानं ती सुजते, कानातलं पाणी निचरत नाही, मग तिथे जंतू वाढतात, कान ठणकतो आणि पडदा फुटून वाहतो. हे वारंवार झालं तर ऐकू कमी येतं आणि मूल उशिरा बोलायला लागतं, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

फॅन, एक्झॉस्ट, खिडकी उघडी, धूप लावणं, यातल्या कशानं वास कमी होतो, धोका जात नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची कुठलीच पातळी सुरक्षित नाही. आणि हो, रात्री डासांची कॉइल लावत असाल तर तीसुद्धा आजपासून बंद, मच्छरदाणी लावा. आपल्या पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे माजी संचालक डॉ. संदीप साळवी हे कधीपासून सांगतायत, बंद खोलीतली एक कॉइल बारीक धुरकणांच्या बाबतीत १०० च्या आसपास सिगारेटींच्या बरोबरीची आहे.

आता सासऱ्यांना सांगायचं कसं. तुम्ही एकट्यानं सांगू नका, हे काम तुमच्या नवऱ्याचं आहे, त्यांचे वडील आहेत. आणि घरी वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला बाबांना बरोबर न्या आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर बोलू द्या. चिडून नको, 'तुमच्यामुळे आजारी पडला' हे वाक्य तर अजिबात नको, ते मनाला लागतं आणि माणूस जिन्यात लपून ओढायला लागतो. 'बाबा, याचा त्रास थांबवायला तुमची मदत लागणार आहे' असं म्हणा. पहिली मागणी एवढीच, गॅलरी बंद. ओढायचीच तर खाली, बिल्डिंगच्या दारापासून लांब, वर आल्यावर शर्ट बदलायचा, हात-तोंड धुवायचं आणि थोडा वेळ गेल्यावर नातवाला घ्यायचं. अॅशट्रे घरातून काढून टाका.

मग सोडण्याचं बोला. या वयात काय सोडायचं असं ते म्हणतील तर सांगा की साठीच्या सुमारास सोडणाऱ्याचंही आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढतं, ब्रिटनमध्ये डॉक्टरांचा ५० वर्षं अभ्यास करून २००४ मध्ये हे छापलं गेलंय. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं पण ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नसतं, थोडं चावायचं, झिणझिणी आली की गालात धरायचं, परत चावायचं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-चार दिवस फार जड जातात, चिडचिड होते, तेव्हा घरातल्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरीला आहे, बायकोला पाचवा महिना आहे. घरी एकही ओढत नाही, फक्त ऑफिसखालच्या टपरीवर आणि येताना कारमध्ये काचा खाली करून. एवढं चालेल ना?

उत्तर : दादा, घरी ओढत नाही हे चांगलंच आहे, पण कारमधली आजच बंद करा. धूर सीटच्या कापडात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर बायको बसते, काचा खाली केल्यानं सीट धुतली जात नाही. गरोदरपणात आईच्या श्वासात धूर गेला तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, आणि जन्मानंतर झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोकाही धुराच्या घरात जास्त असतो. जे बाहेरच ओढतात त्यांच्या घरातल्या बाळांच्या तपासणीतसुद्धा निकोटिनच्या खुणा, न ओढणाऱ्यांच्या घरांपेक्षा जास्त सापडल्या आहेत. त्यामुळे टपरीवरची पण सोडा, बाळ यायच्या आत. चार महिने आहेत हातात, तारीख ठरवा, टपरीवरच्या मित्रांनाही सांगून ठेवा आणि सीटची कव्हरं या रविवारीच धुवायला टाका.