आधी जालन्याची सीडी

पोरी,

पत्र मिळालं. 'एआय आणि कायदा' यावर पीएच.डी. करायची म्हणतेस. कर, पण विषय आभाळाएवढा घेतलायस. तो आधी जालन्यात उतरव.

२०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर, दुपारचे ३ वाजून गेल्यावर घेतला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण, सीडीवर. सोबत लागणारं पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र, म्हणजे हे चित्रण कुठल्या यंत्रातून कसं काढलं याची सहीनिशी हमी, मात्र मागून मागूनही मिळेना. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेलं, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं: मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं, पण पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते हाती आलं नाही, तर त्याची अडवणूक नको. देशभर शिकवला जाणारा निकाल, आणि मूळ भांडण घड्याळाचं, तेही जालन्यातलं!

मी हे कलम कित्येक वर्षं नुसत्या हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या माथ्यावरच्या सारांशावर, शिकवलं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटची प्रिंट झेरॉक्सवाल्याने काढली, तर प्रमाणपत्रावर सही कुणाची?" मी उगाच घसा खाकरला. घरी जाऊन निकाल पहिल्यांदा अख्खा वाचला. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लागते, तज्ज्ञाचीही सही लागते. तालुक्याच्या कोर्टात असा तज्ज्ञ आणायचा कुठून? तुझा प्रबंध इथे आहे.

चॅटजीपीटीला निकाल विचारशील, तर तो निकाल स्वतः उघडून बघ. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी त्याने रचलेले निकाल कोर्टात दिले, ५,००० डॉलर दंड बसला.

खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल सगळेच घोकतात. तू गावी गेलीस की पीकविम्याच्या रांगेत उभी राहा. आधारची झेरॉक्स, पासबुक, आणि ओटीपी सगळ्यांना ऐकू जाईल असा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय आहे. तशी एक सूचना तूच लिही आणि वडिलांना वाचायला दे. ते कुठल्या शब्दाला अडतात, ते मला कळव.

तुझा,
सर