चँडलरला येण्याआधी दुपार समजून घे

जुळे सोलापुरातून नोकरीसाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला यायचंय, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. घर फिनिक्सच्या कुठल्या भागात बघू, आणि ऊन आपल्याला काय नवीन, असं तू विचारलंयस. उन्हापासूनच सुरू करते, कारण घर त्यावरच ठरतं.

सोलापूरचा मे 44 अंशांवर जातो, पण मृगाच्या सरी आल्या की सुटका होते. इथे सप्टेंबर सरेपर्यंत सुटका नाही. 2023 मध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला. जुलैत पहाटेसुद्धा कधी कधी तो 32 च्या खाली उतरत नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभराची धग रात्रभर सोडत राहतं. दुपारी बागेतल्या घसरगुंडीला मुलीला हात लावू देऊ नकोस, कातडी भाजते. गाडीत तिला बसवण्याआधी सीटबेल्टचं बकल स्वतः चाचपून बघ.

पावसाळी वादळात धुळीची भिंत चालून येते, तिला इथे हबूब म्हणतात. गाडी रस्त्यावरून पूर्ण बाहेर घे, सगळे दिवे बंद कर आणि ब्रेकवरचा पाय काढ. दिवा दिसला की मागचा त्याच्याच मागे येतो आणि धडकतो.

घर चँडलरमध्येच बघ. इंटेलच्या कारखान्यांमुळे आपली मंडळी भरपूर, ज्वारीचं पीठही मिळतं. (कडक भाकरी मात्र आईकडून बांधून आण, इथल्या कोरड्या हवेत ती छान टिकते.) शेजारचं गिल्बर्टही कुटुंबाला चांगलं. टेंपीत विद्यापीठ आणि लाइट रेल आहे, पण ते विद्यार्थ्यांचं गाव. फिनिक्सच्या मध्यभागातल्या रूझवेल्ट रो या कलावंतांच्या वस्तीतली भिंतीचित्रं बघायला सुट्टीत जा. स्कॉट्सडेल महाग. ग्लेनडेल, पिओरिया पश्चिमेला: सकाळी ऑफिसला जाताना सूर्य डोळ्यांवर, संध्याकाळी परततानाही डोळ्यांवर.

घरमालकाला दोन गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नकोस: एसी किती वर्षांचा आहे आणि गेल्या जुलैचं विजेचं बिल किती आलं. झोपायची खोली पश्चिमेला नको, गाडीला छप्पर हवंच.

रुजू व्हायची तारीख तुझ्या हातात असेल तर नोव्हेंबर माग. तेव्हापासून मार्चपर्यंत हवा इतकी सुरेख असते की डोंगरवाटांवर गर्दी लोटते, मुलगीही रुळेल. आणि आईला सांगून ठेव, इथे घड्याळ वर्षभर बदलत नाही. तिकडे सकाळचे साडेसात वाजले की इकडे आदल्या संध्याकाळचे सात.