समुद्राच्या पाण्यातल्या लोखंडी खांबांना झिंक प्रायमर बरा की नुसता इपॉक्सी? किती वर्षं टिकेल?

झिंक प्रायमर म्हणजे जस्ताची पूड असलेला पहिला कोट, इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा रंग. हा प्रश्न वर्षातून दहादा तरी कानावर येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. रंग कोणता ते सगळे विचारतात, रंगाखाली काय राहिलंय ते कुणीच विचारत नाही.

जेटीच्या पाईल्सचं, म्हणजे समुद्रात रोवायच्या लोखंडी खांबांचं काम होतं. कोटिंग तपासायच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. दुपारी ब्लास्टिंग (जोराच्या हवेने खरखरीत कण मारून गंज काढणं) संपलं, एसए अडीच, म्हणजे जवळजवळ पूर्ण स्वच्छतेचा दर्जा, दृष्ट लागावी असं राखाडी लोखंड. नेमकं स्प्रे मशीन बिघडलं आणि पाईल्स रात्रभर उघड्या राहिल्या. सकाळी बघतो तर खाऱ्या वाऱ्याच्या अंगाला तांबूस झाक. बोट फिरवलं, बोटाला लागली. मिठाची चाचणी घेतली. चिकट पट्टी लावायची, तिच्या पोकळीत सुईने डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, तेच पाणी चार-पाच वेळा आत-बाहेर खेचायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. चौरस मीटरला १३० मिलिग्रॅम आले. कामावर मर्यादा होती ५०.

मी म्हटलं, गोड्या पाण्याने धुवा आणि पुन्हा ब्लास्ट मारा. साईटचे साहेब म्हणाले, "अरे, इपॉक्सी आहे, सगळं झाकून टाकतं. तू आडोशाच्या बाजूला पट्टी लाव की." आडोशाला ३८ आले. अहवालात ३८ गेले.

आठ महिन्यांनी भरतीच्या रेषेखाली फोड आले. आधी मसुराएवढे, मग बोराएवढे. एक सुरीच्या टोकाने उघडला तर आतून पाणी आलं आणि खालचं लोखंड काळं पडलेलं. वरचा रंग मात्र शाबूत, जाडीही बरोबर. इपॉक्सीतून पाणी थोडं थोडं झिरपतंच. खाली मीठ असलं की ते त्याला ओढून घेतं आणि फोड फुगत जातो. बैठकीत साहेबांनी जाहीर केलं, "मालच खराब." मग माल बदलला, बाकी सगळं पहिल्यासारखंच.

आता तुमचं उत्तर. लाटांच्या वर, हवेत असेल तर झिंक प्रायमर जरूर द्या. ओरखडा पडला तरी झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. त्यावर इपॉक्सी आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन, कारण नुसत्या इपॉक्सीची उन्हात पावडर होते. कायम पाण्याखाली असेल तर मी झिंकच्या वाटेला जात नाही, थेट लोखंडावर जाड इपॉक्सी आणि जोडीला अ‍ॅनोड, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा ठोकळा. लाटा आपटतात तो पट्टा सगळ्यात वाईट, ओलंही होतं आणि हवाही भरपूर. तिथे ग्लास फ्लेक, म्हणजे काचेच्या बारीक पापुद्र्यांचा रंग. कडा आणि वेल्डवर आधी ब्रशने एक हात मारा, कारण ओला रंग कडेवरून मागे सरतो आणि तिथेच पातळ पडतो. अ‍ॅनोडवर रंग फासू नका. हसू नका, फासलेला पाहिलाय.

किती वर्षं? जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी (तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या) २००६ साली जो आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्यात इपॉक्सीची जाडी ३२० मायक्रॉन आणि उद्दिष्ट १५ वर्षांचं आहे. हे दोन आकडे साहेबांना तोंडपाठ होते. मिठाची ५० ची मर्यादाही त्याच नियमात आहे, ती कधी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. तेव्हा वर्षांची हमी रंगवाल्याकडे मागण्याआधी ब्लास्टिंग आणि पहिला कोट यांच्यामध्ये किती तास गेले ते विचारा, आणि ते लिहून घ्या.

हे सगळं नव्या, ब्लास्ट करता येणाऱ्या लोखंडाबद्दल बरं का. तुमचे खांब आधीच पाण्यात उभे असतील तर पाण्याखाली सुकणारे वेगळे इपॉक्सी मिळतात, पण पाणबुड्या लावून खरवडून घ्यावं लागतं आणि एसए अडीचची आशा सोडा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर शेवाळ-शिंपल्यांसाठीचा तांब्याचा रंग अजिबात लावू नका, पत्र्याला भोकं पडतील.

आणि चाचणीची पट्टी कुठे लावायची ते तुम्ही स्वतः उभं राहून दाखवा, वाऱ्याच्या बाजूला. त्या ३८ च्या खाली सही माझीच आहे.