पिन-भाबा पासच्या ट्रेकसाठी कोणता सॅटेलाइट फोन घ्यावा, इरिडियम की थुराया?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही सहा जण बडोद्याहून सप्टेंबरमध्ये हिमाचलमधला पिन-भाबा पास (म्हणजे खिंड) करणार, मधले काही दिवस मोबाइलला नेटवर्क नाही, घरचे काळजीत आहेत, म्हणून न्यू जर्सीचा चुलतभाऊ ऑगस्टमध्ये येतोय त्याच्याकडून इरिडियम किंवा थुरायाचा सेकंडहँड फोन मागवायचाय, बजेट 60-70 हजार, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याचबरोबर वायोमिंगच्या विंड रिव्हर रेंजमध्ये आणि जमलं तर अलास्कात तोच फोन न्यायचा. मी पण बडोद्याचीच, दांडिया बाजारातली, बरीच वर्षं इथून हिमालयात ग्रुप घेऊन जाते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाला फोन लावा आणि सांगा की आणू नकोस. हे मॉडेल निवडण्याच्या आधीचं काम आहे. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरणंच काय, जवळ बाळगणं पण गुन्हा आहे. 1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा वायरलेस कायदा, यांच्याखाली वर्षानुवर्षं केसेस होत आल्यात, आणि आता 2023 चा नवा टेलिकॉम कायदा आलाय त्यात पण रेडिओवालं उपकरण बाळगायला परवानगी लागतेच. इरिडियम आणि थुराया ही दोन नावं तर कस्टमवाल्यांना पाठ आहेत. 26/11 च्या हल्ल्यात दहशतवाद्यांकडे थुरायाचा फोन होता, तेव्हापासून यंत्रणा ह्या बाबतीत अजिबात ऐकून घेत नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही. जुलै 2022 मध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघायला आलेल्या एका ब्रिटिश पाहुण्याला सॅटेलाइट फोन सापडला म्हणून जवळजवळ आठवडाभर चमोलीच्या जेलमध्ये राहावं लागलं होतं. आणि तुम्ही जाताय किन्नौर-स्पितीत, म्हणजे चीनच्या सीमेचे जिल्हे, तिथे असा फोन चालू झाला की त्याचं लोकेशन पकडलं जाऊ शकतं.

खूप जण म्हणतात की फोन नाही नेत, ते छोटं गार्मिन इनरीच नेतो, त्यात फक्त मेसेज जातात. तेही नाही चालत. ते डबीएवढं यंत्र इरिडियमच्याच सॅटेलाइटशी बोलतं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना नेमकं ह्याच यंत्रासाठी अडवलं होतं, ते बिचारे स्वतःहून बॅगेतून काढून सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये ठेवत होते, कारण त्यांच्या देशात ते साध्या दुकानात मिळतं. 2025 च्या सुरुवातीला तर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एअरलाइन्सना सांगितलं की प्रवाशांना ह्या नियमाची माहिती द्या. त्यामुळे भाऊ अहमदाबादला उतरून "मला माहीत नव्हतं" म्हणाला तर कोणी मानणार नाही. आयफोन 14 पासून पुढच्यांत जे सॅटेलाइट एसओएस आहे ते वेगळं, तो फोन आणायला काही अडचण नाही, पण ती सोय भारतात सुरूच नाहीये, तेव्हा त्याच्या भरवशावर वर जाऊ नका.

कायदेशीर रस्ता एकच, बीएसएनएल. 2017 पासून ते इनमारसॅट ह्या सॅटेलाइट कंपनीची सेवा देतात, गेटवे गाझियाबादला आहे, म्हणजे कॉल आपल्या देशातल्या स्टेशनवरून जातो आणि म्हणूनच सरकारला तो चालतो. हँडसेट आयसॅटफोन 2 नावाचा, 318 ग्रॅम, बॅटरी चांगली, 8 तास बोलणं निघतं. पण हे आधी सैन्य, आपत्ती व्यवस्थापन, सरकारी खाती यांच्यासाठी आहे, खाजगी माणसाला दूरसंचार खात्याची परवानगी काढावी लागते आणि त्यासाठी कारण, कागदपत्रं, वेळ सगळं लागतं. तुमचा ग्रुप एखाद्या रजिस्टर्ड संस्थेच्या नावावर मोठी मोहीम काढत असेल तर जरूर अर्ज करा, पण सहा मित्रांच्या एका ट्रेकसाठी सप्टेंबरच्या आत हे होईल असं धरून चालू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये बीएसएनएल आणि वायासॅटने (इनमारसॅट आता त्यांचंच आहे) साध्या मोबाइलवरून सॅटेलाइट मेसेजची घोषणा केली होती, ती माझ्याही डोळ्यासमोर आहे, पण प्लॅन घोषणेवर करायचा नसतो.

मग करायचं काय? हाच खरा प्रश्न आहे आणि मला वाटतं फोनच्या नादात तो मागे पडतो. तुम्हाला रोज रात्री घरच्यांशी बोलायचंय का काही झालं तर बातमी बाहेर पोचवायचीय? पहिलं हवं असेल तर घरच्यांना प्रेमाने सांगा की इतके दिवस फोन नाही येणार. दुसरं मात्र फोनशिवाय पण बांधता येतं, पण ते निघायच्या आधी बांधावं लागतं, वर गेल्यावर नाही. जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या सहस्रतालला 22 जणांचा ग्रुप हिमवादळात सापडला, 9 जण गेले. 3 तारखेला अडकले आणि हेलिकॉप्टर पोचली 5 तारखेला. मधला तो काळ मला आजही अस्वस्थ करतो, माझ्या प्रत्येक ग्रुपच्या मीटिंगमध्ये मी हे सांगतेच.

पिन-भाबाचा रस्ता डोळ्यासमोर आणा. किन्नौरमधल्या काफनूहून सुरुवात, मग मुलिंग, कारा, फुत्सिरंग, त्यानंतर पास, तो 4,900 मीटरच्या आसपास, आणि पलीकडे मंगरुंगसे करून स्पितीतलं मुद गाव. म्हणजे पास चढेपर्यंत मदत मागे काफनूत आहे आणि पास ओलांडला की पुढे मुदला. एवढी गोष्ट सगळ्या सहा जणांना तोंडपाठ पाहिजे, फक्त लीडरला नाही. आणि ऑपरेटरला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा, काही झालं तर खाली पळणारा माणूस कोण? स्वयंपाक्याचा मदतनीस, खेचरवाला, कोणीही असो, पण त्याचं नाव ठरलेलं पाहिजे आणि तो गेला तरी कॅम्प चालला पाहिजे. "बघू तेव्हा" असं म्हणणारा ऑपरेटर स्वस्त असला तरी घेऊ नका.

त्या माणसाबरोबर तोंडी निरोप कधीच पाठवू नका, चिठ्ठी द्या. किन्नौरमध्येच एका ट्रेकला आमच्यातल्या एका काकांना रात्री झोपल्यावर धाप लागायला लागली, खोकला, ओठ निळसर. आम्ही उजाडायची वाट न बघता त्यांना टॉर्चच्या उजेडात हळूहळू खाली आणायला घेतलं आणि मदतनीस मुलाला चिठ्ठी देऊन पुढे पळवला. चिठ्ठीत नाव, वय, कुठे आहोत, किती वाजता काय सुरू झालं, चालू शकतात का उचलावं लागेल, कोणती गोळी दिली, आणि शेवटी काय हवंय ते मोठ्या अक्षरात, ऑक्सिजन आणि जीप. हिंदीत लिहिलं, कारण वाचणारा हिंदीच वाचणार. अशाच शब्दांची एक कॉपी माझ्याकडे ठेवली. आम्ही रोडहेडला, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथे, पोचलो तेव्हा जीप उभी होती, सिलिंडरसकट. उंचीच्या त्रासात पहिला उपाय खाली उतरवणं हाच असतो, तो फोन असला तरी तुम्हालाच करायचा असतो, हेलिकॉप्टर पण हवामान असेल तरच येतं, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

आता बडोद्यात मागे राहणाऱ्या माणसाचं. एकच माणूस ठरवा, शक्यतो घाबरट नाही असा, आणि त्याच्याकडे कागद द्या: रोजचा कॅम्प, सगळ्यांची नावं, रक्तगट, ऑपरेटरचा नंबर, आणि मुख्य म्हणजे एक तारीख आणि वेळ, की तोवर आमचा फोन आला नाही तर तू फोन करायला सुरू कर. एक दिवस जास्तीचा धरून ती वेळ ठरवा, कारण पासवर हवा बिघडली तर एक दिवस खाली थांबावं लागू शकतं. फोन कुणाला करायचा तेही लिहून द्या, आणि इथे एक गोष्ट बहुतेक लोकांना माहीत नसते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर 1077 सगळ्या जिल्ह्यांना सारखाच आहे, त्यामुळे बडोद्यात बसून नुसतं 1077 लावलं तर इथलाच कक्ष लागायचा. 1077 च्या आधी तिकडचा एसटीडी कोड लावायचा, रिकाँग पिओ म्हणजे किन्नौरचा 01786, काझा म्हणजे स्पितीचा 01906. निघायच्या आठवडाभर आधी एकदा लावून खात्री करा आणि तिथला लँडलाइन पण मागून घ्या. काफनूला फॉरेस्टच्या चौकीवर नावं नोंदवताना घाई करू नका, परतीची तारीख नीट लिहा, शोध घ्यायची वेळ आली तर सुरुवात त्या वहीपासून होते.

ग्रुपमध्ये आपापसात बोलायला लायसन्स न लागणारे वॉकीटॉकी मिळतात, 446 मेगाहर्ट्झवाले, अर्ध्या वॅटचे. ऑनलाइन जे 5 वॅटचे चिनी सेट दिसतात ते ह्यात बसत नाहीत, ते घेऊ नका. दोन सेट पुरतात, एक पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. नेण्याआधी एका रविवारी पावागडला जाऊन वापरून बघा, आम्ही तेच करतो, एक जण चांपानेरच्या दरवाज्यापाशी, एक माचीवर. मधे काही आड नसलं की आवाज स्वच्छ येतो आणि कोणी कड्याच्या मागे गेलं की एकदम बंद, मग आपोआप कळतं की वर कुठे उभं राहून बोलायचं ते.

आता अमेरिकेचं, तिथे तुमचा मूळ प्रश्न लागू होतो. थुराया बाद, कारण त्याचं कव्हरेज अमेरिकेत नाहीच. (शिवाय एप्रिल 2024 मध्ये त्यांचा थुराया-3 बिघडला आणि आशिया-पॅसिफिकच्या मोठ्या भागातली सेवा गेली, तेव्हा कोणी स्वस्तात सेकंडहँड विकत असेल तर का ते समजून घ्या.) उरले इनमारसॅट आणि इरिडियम. इनमारसॅटचे सॅटेलाइट विषुववृत्तावर जवळजवळ 36,000 किलोमीटरवर एका जागी उभे असतात. मोकळ्या मैदानात, समुद्रावर एकदम छान, एकदा अँटेना त्या दिशेला धरला की कॉल टिकतो. पण जसजसे उत्तरेला जाल तसा सॅटेलाइट आकाशात खाली सरकत जातो, अलास्कात तर क्षितिजाला लागूनच, म्हणजे दक्षिणेला एखादा डोंगर आला की संपलं. इरिडियमचे 66 सॅटेलाइट फक्त 780 किलोमीटरवरून ध्रुवावरून फिरत राहतात, त्यामुळे पृथ्वीवर कुठेही डोक्यावर कोणीतरी येतोच. त्याची अडचण वेगळी. एक सॅटेलाइट काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि अरुंद दरीत पुढचा दिसायच्या आधी हा डोंगराआड गेला की कॉल तुटतो.

म्हणूनच दरीखोऱ्यांत मी बोलायच्या फोनपेक्षा मेसेजच्या यंत्राच्या बाजूने आहे. कॉल मधेच तुटला की अर्धं बोलणं वाया जातं, मेसेज मात्र यंत्र पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, सॅटेलाइट दिसला की जातो, आणि समोरच्याकडे लेखी राहतो. इनरीच मिनी 2 चं वजन 100 ग्रॅम, एसओएसचं बटण दाबलं की चोवीस तास चालणाऱ्या केंद्रात जातं आणि तिथली माणसं तुमच्याशी मेसेजवर बोलतात. सबस्क्रिप्शन चालू असल्याशिवाय मात्र ते काहीच करत नाही, बटण पण नाही. विंड रिव्हरसाठी हे पुरे. अलास्कात छोट्या विमानाने आत जाणार असाल, पायलटला हवामान सांगायचं, उचलायची वेळ बदलायची, तर तिथे बोलायचा फोन लागतो, आणि मग इरिडियम 9555 किंवा एक्स्ट्रीम 9575 भाड्याने घ्या. भावाच्या आयफोनवर अलास्कात विसंबू नका, 62 अक्षांशाच्या वर त्यातलं सॅटेलाइट एसओएस चालेलच असं नाही असं ॲपल स्वतःच सांगतं.

विकत घेऊ नका, भाड्यानेच घ्या. तिकडे आठवड्याच्या भाड्याने आरामात मिळतात, परत करूनच विमानात बसायचं म्हणजे ते यंत्र चुकूनही तुमच्या बॅगेतून इकडे येणार नाही. हातात आलं की त्याच दिवशी उघड्या आकाशाखाली जाऊन अँटेना पूर्ण बाहेर काढून सरळ वर धरा आणि बडोद्याला एक कॉल, एक मेसेज करा, घराच्या आतून किंवा गाडीतून नाही लागत. इरिडियमचा नंबर +8816 ने सुरू होतो, घरच्यांनी तुम्हाला उलट कॉल केला तर बिल फार येतं, तेव्हा त्यांना सांगून ठेवा की आम्हीच करू, आणि वेळ ठरवून घ्या, कारण सॅकमध्ये अँटेना मिटलेला फोन वाजत नाही. रात्री थंडीत बॅटरी उतरते, ती स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा.