मालमत्ता करातील सवलत : हिशेब कुठून सुरू करावा

नव्या उद्योगांना पाच वर्षे मालमत्ता करात सूट द्यावी, असा प्रस्ताव आपल्या व्यापारी संघटनेकडे मतासाठी आला आहे आणि तो कसा तपासावा, असे आपण विचारले आहे. लघुउद्योगांची कर्जप्रकरणे मी बरीच वर्षे हाताळली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिला प्रश्न हा, की सूट नसती तर यांतले किती उद्योग आलेच नसते? अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये तिथल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सवलतीमुळेच निर्णय बदललेल्या कंपन्यांचे प्रमाण साधारण २ ते २५ टक्के निघाले. आपली परिस्थिती निराळी असली तरी हिशेबाची रीत तीच आहे. समजा, १०० उद्योगांना वर्षाला प्रत्येकी ४०,००० रुपये सूट दिली, तर पाच वर्षांत २ कोटी रुपये जातात. कागदावर एका उद्योगामागे २ लाख खर्च दिसतो. पण सवलतीमुळे आलेले त्यांत दहाच असतील, तर तो खर्च २० लाखांवर जातो.

महापालिकेच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एखाद्या दुकानाची विक्री दुप्पट झाली, तरी वाढीव कर राज्याकडे व केंद्राकडे जातो. धंदा वाढल्याचा थेट लाभ महापालिकेला मिळतो तो मुख्यतः मालमत्ता करातून, आणि प्रस्ताव नेमका तोच सोडून देण्याचा आहे.

दुसरी बाब उद्योगांच्या स्थलांतराची. हिंगणा रस्त्यावरच्या एका फरसाण कारखान्याच्या पाहणीला मी गेलो होतो. अर्जात १४ नवे रोजगार दाखवले होते, म्हणून हजेरीपट मागितला. मालकांच्या शहरातल्या जुन्या कारखान्याचा हजेरीपट मी पूर्वी पाहिलेला होता. तीच १३ नावे, त्याच क्रमाने, आणि शेवटी एका चौकीदाराची भर. पापड लाटणाऱ्या बायका आता दोन बस बदलून कामावर येत होत्या. जुन्या जागेला कुलूप लागले होते. जिल्ह्याच्या दृष्टीने रोजगार वाढला तो एक, आणि ही गोष्ट मला आजही खटकते.

म्हणून संघटनेने सरसकट विरोध करू नये, पण अटी लेखी मागाव्यात. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजनेत नव्या उद्योगाच्या कर्जावरचे अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवतात आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच ते कर्जखात्यात वळते करतात. त्याच धर्तीवर कर आधी पूर्ण भरून घ्यावा आणि तीन वर्षांनी, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरून कामगार खरोखर नवे असल्याचे तपासून, परतावा द्यावा. मालकाच्या जुन्या जागेवरील कामगारांची यादीही अर्जासोबतच घ्यावी. नंतर मागितली तर ती मिळत नाही.