जुन्या एचडब्ल्यू ३५ वर पीपसाइट: भोकं पाडायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची वायराउख एचडब्ल्यू ३५ आहे, म्हणजे नळी मधून मोडून स्प्रिंग ताणायची (कॉक करायची) जर्मन एअर रायफल. पन्नाशी उलटल्यावर मागच्या साइटची खाच धूसर दिसायला लागली, म्हणून सेकंडहँड मॅच डायॉप्टर घेतलात, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीवरची पीपसाइट (बारीक भोकातून बघायची मागची साइट). आता दहा मीटरवर छर्रे आठ सेंटीमीटर वर लागतात, डायॉप्टर पार तळाला टेकलाय, गटही फुटतोय (एकाच नेमावरचे छर्रे एकत्र न लागता पसरतात) आणि लेथवाला म्हणतोय, "वरून दोन भोकं मारून खाली बसवून देतो."

भोकं मारू देऊ नका. ज्या नळकांड्यावर तो ड्रिल लावणार, त्याच्या आत पिस्टन धावतो. आतल्या बाजूला जरा जरी धार राहिली तरी वॉशर सोलून निघेल. शिवाय वरती ११ मिलिमीटरची खाच कारखान्यातूनच आलेली आहे, साइट तिथेच पकडायची असते. (बीएसएच्या जुन्या रायफलींवर ही खाच जास्त रुंद असते. तिथे ११ चा क्लँप घेतलात तर पंचाईत.)

आता गट फुटण्याचं. या रायफलची मूळ मागची साइट नळीच्या ठोकळ्यावर बसलेली असते. म्हणजे पुढची साइट (माशी) आणि मागची खाच, दोन्ही एकाच नळीवर. नळी बंद होताना केसभर इकडेतिकडे बसली तरी दोन्ही साइट तिच्याबरोबरच हलतात आणि चूक बरीचशी झाकली जाते. पीपसाइट मागे नळकांड्यावर गेली की मोडणारा सांधा दोन साइटच्या मध्ये येतो. आजवर लपलेला सगळा ढिलेपणा कागदावर उमटायला लागतो. मी स्वतः हे कळायच्या आधी छऱ्यांना शिव्या देत अख्खा डबा संपवला होता, आणि दोष निघाला सांध्याच्या बोल्टचा.

तेव्हा आधी सांधा बघा. रायफल रिकामी, कॉक न केलेली, दस्ता मांड्यांत धरलेला. नळीचं टोक हलकेच डावीउजवीकडे ढकला. बोटांना बारीकसं "टक" जाणवलं तर बोल्ट सैल आहे. थोडा थोडा आवळत जा. स्प्रिंगचा जोर लागायच्या आधीच्या टप्प्यात नळी जिथे ठेवाल तिथे थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. कॉक झालेल्या रायफलच्या नळीवरचा हात मात्र कधीही सोडायचा नाही. या मॉडेलला नळी अडकवणारा खटका आहे, हे तुमचं नशीब. तो प्रत्येक वेळी पूर्ण बसतोय का बघा. आणि सिनेमातल्यासारखी नळी फटकन आपटून बंद करू नका.

मग उंची. मागची साइट उंच झाली की नेम धरताना नळीचं तोंड वर जातं, म्हणून छर्रे वर. यावर उपाय पुढची साइट उंच करणं किंवा मागची बसकी घेणं. किती, ते त्रैराशिकाने निघतं: दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले निशाणाचं अंतर. तुमच्या दोन साइटमध्ये ७२० मिमी धरले तर ७२० × ८० ÷ १०,००० = ५.७६, म्हणजे जवळपास सहा मिलिमीटर. माशीच्या भोवतीच्या गोल आवरणातल्या (बोगद्यातल्या) पात्या बदलून एवढं मिळत नाही, फार तर मिलिमीटर-दीड मिळेल. बोगद्याखाली उंचवटा करून घेता येतो, पण मी असतो तर हा मॅच डायॉप्टर कुणा मॅच रायफलवाल्याला देऊन विल्यम्ससारखी बसकी पीपसाइट घेतली असती. या रायफलवर दिसतेही तीच बरी.

बसवताना नळकांड्यावरची खाच पेट्रोलने पुसून कोरडी करा. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे आणि लगेच पुढे. त्या पुढच्या झटक्याने साइट खाचेतून मागे सरकत जाते. क्लँपमागे पेन्सिलची रेघ मारून ठेवा. पन्नास छऱ्यांनी रेघ आणि क्लँप यांत फट पडली तर मागे स्टॉपर लावा. मूळ साइट पीपच्या नजरेत येत असेल तर काढून ठेवा, पण ती प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काढा. आतली स्प्रिंग उडते. माझी कपाटामागे गेली ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली.

वापरताना मागच्या भोकाकडे बघायचंच नाही. ते धूसरच दिसणार. डोळा आपोआप उजेडाचा मध्य शोधतो, तुम्ही फक्त माशी लख्ख बघा. घरात दिव्याखाली सव्वा मिलिमीटरचं भोक चालतं, संध्याकाळी अंगणात मोठं घ्या. एक मिलिमीटरच्या खाली गेलात तर चित्र काळवंडतं. पुढच्या साइटमध्ये पातीऐवजी रिंग लावणार असाल तर ती फार घट्ट नको. दहा मीटरच्या कागदावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिमी असतं. डोळ्यापासून ८५ सेंटीमीटरवरच्या रिंगेत ते साधारण २.६ मिमीएवढं दिसतं. म्हणून साडेतीनची रिंग घ्या, भोवती पांढरं कडं मोकळं दिसू द्या. आपले बरेच जण घट्ट रिंग लावतात आणि मग काळं कधी मधोमध आलं हेच त्यांना कळत नाही.

आणखी एक. जर्मन डायॉप्टरवर एच आणि आर अशी अक्षरं असतात. एच म्हणजे होख, वर. आर म्हणजे रेख्ट्स, उजवीकडे. पण बहुतेकांवर त्याचा अर्थ "छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरवा" असा असतो, "छर्रा वर न्या" असा नाही. दहा क्लिक फिरवून एक गट मारा, कोडं सुटेल. जुन्या स्क्रूत ढील असते, म्हणून शेवटचे दोन-तीन क्लिक नेहमी एकाच दिशेने आणा.

बोल्ट आवळून झाला की टेबलावर टेकवून नाही, तळहातावर सैल धरून पाच छर्रे मारा आणि कागदाचा फोटो टाका. गट एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला, तरच नवीन साइटसाठी खिशात हात घाला.