अभियांत्रिकी व्यवस्थापनाचा एम.टेक. आखताना

विषयांची यादी करायला लगेच बसू नका. पदवीधर नेमकं कुठलं काम करणार ते आधी ठरवा: प्रकल्प, उत्पादन की पुरवठा साखळी. नाहीतर अर्धं एमबीए आणि अर्धं औद्योगिक अभियांत्रिकी असं कडबोळं होतं, आणि मुलाखतीत विद्यार्थी दोन्हीकडे उघडा पडतो.

एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) २०१८चा एम.टेक. नमुना अभ्यासक्रम ६८ क्रेडिटचा. त्यातले २६ प्रबंधाचे. उरलेल्या ४२मध्ये संख्याशास्त्र, अभियांत्रिकी अर्थशास्त्र आणि प्रकल्प नियोजन यांना हात लावू नका. काटछाट करायचीच तर ऐच्छिक विषयांत करा. व्याख्यानाचा आठवड्याला एक तास म्हणजे १ क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे मात्र दोन तास लागतात. वेळापत्रक इथेच कोलमडतं.

खरी कसोटी प्रबंधाची. कंपनी तोंडी होकार देते, पण खर्चाचे आणि बिघाडांचे आकडे मागितले की हात आखडते. मग विद्यार्थी प्रश्नावली वाटून वेळ मारून नेतो. म्हणून गोपनीयतेचा करार, कंपनीतला सहमार्गदर्शक आणि आकड्यांची यादी हे सगळं तिसरं सत्र सुरू होण्याआधी कागदावर हवं.

अभ्यास मंडळावर कारखाना चालवणारा माणूस घ्या, फक्त मनुष्यबळ विभागातला नको.